काचेचं दार आणि खिशातली किल्ली

देवाला हात जोडून झाले, टाळकऱ्यांचे हात गरम झाले, आता मंडळी, सावरून बसा. पुढच्या रांगेत मात्र कुणी बसू नका हं! तिथं दोरी लावली आहे. प्रमुख पाहुणे यायचेत म्हणे. खुर्च्या बघा — मखमली गादीच्या, सोनेरी पायांच्या! बुवा उभा, खुर्च्या रिकाम्या, आणि तुम्ही सतरंजीवर. असू दे. मागं खांबाशी जे उभे आहेत त्यांनी जरा दम धरा, जागा होईल. आपण आपलं काम सुरू करू.

आज एकच प्रश्न घेऊन आलोय. दार एक आहे. बाहेरून एक मोठा माणूस यायचाय, त्याची वाट पाहायची आहे. आणि त्याच दाराच्या आत एक साधा माणूस आहे, त्याला बाहेर यायचंय. सांगा — आधी दार कुणासाठी उघडायचं?

सोपं वाटलं ना? पेटीवाले दामूअण्णा हसले. 'एवढंच होय बुवा!' असं मनात म्हणाले. अण्णा, इथं बसून सोपंच आहे. दारात उभं राहिल्यावर काय होतं, ते ऐका.

मिरजेत सदानंद कासार नावाचे एक गृहस्थ. माणूस कष्टाळू, देवभोळा, गोडबोल्या. धंदा कसला? तर बँका, दवाखाने, हॉटेलं, मोठाली ऑफिसं — यांना आतून नटवायचं. जमिनीवर काय अंथरायचं, भिंतीशी काय ठेवायचं, साहेबानं कुठल्या खुर्चीत बसायचं, आणि मुख्य म्हणजे आत यायचं दार कसं असायचं! आपल्याकडे दाराला कडी असते, उंबरा असतो. यांच्याकडे उंबराच नाही! दारापुढं जमिनीत खोलगट जागा करून तिच्यात जाड जाळीदार चटई बसवतात. तुम्ही चालत या, बुटाची धूळ ती चटई गिळून टाकते, तुम्हाला पत्तासुद्धा लागत नाही. आणि दार? कडी नाही, मूठ नाही. तुम्ही समोर उभे राहिलात की काचा आपोआप बाजूला सरकतात! आमच्या घरी मी दारात उभा राहून हाका मारतो तरी कुणी उठत नाही.

तर सदानंदशेठनी मोठी शोरूम बांधली. खाली सगळीकडे कार्पेट, सायीच्या रंगाचं. पाय ठेवायची भीती वाटावी असं. एका कोपऱ्यात नमुन्याच्या खुर्च्या, एका बाजूला मोठं काउंटर, आणि समोर ते सरकतं काचेचं दार. शेठ येईल त्याला सांगायचे, "ही काच एकदा मिटली की धूळ आत येणार नाही, आवाज येणार नाही, वारासुद्धा येणार नाही." लक्षात ठेवा मंडळी हे वाक्य. बढाई मारताना माणूस स्वतःच्या तोंडानं काय काय बोलून जातो!

उद्घाटनाचा दिवस ठरला. माध्यान्हीचा मुहूर्त. फीत कापायला एक बडे साहेब यायचे होते. त्यांची मोठमोठी हॉस्पिटलं, आणि नव्या हॉस्पिटलच्या सगळ्या जमिनी, सगळी दारं कुणाकडून करून घ्यायची ते त्यांच्या मनात ठरायचं होतं. शेठचा सगळा जीव त्या कामावर. साहेबांचं पहिलं पाऊल आत पडेल, बटण दाबून दिवे तेच लावतील, एसी तेच चालू करतील, पडदा सरकेल आणि सगळी शोरूम एकदम उजळेल — असा बेत. तोवर आत दिवे बंद, एसी बंद, पडदे बंद.

सकाळी शेठ एकदा शेवटचं बघायला आत गेले, आणि काय दिसलं? काउंटर ओढताना कार्पेटची एक कड उचकटलेली! बरोबर साहेबांचा पाय पडेल तिथं. झालं! लगेच दस्तगीरला बोलावलं.

हा दस्तगीर म्हणजे कार्पेट बसवणारा कारागीर. ही सगळी जमीन त्यानंच अंथरलेली. आला, स्कूटर लावली, पिशवी हुकाला अडकवली, फोन पिशवीत. चप्पल दाराबाहेर काढली. या कारागिरांची रीतच आहे ती. आपण देवळाबाहेर काढतो, ते कार्पेटबाहेर काढतात. सोल्यूशनचा डबा आणि ते पसरायची लोखंडी पत्री घेऊन तो आत गेला. सोल्यूशन माहीत आहे ना? सायकलचं पंक्चर काढताना लावतात तेच, पण डबाभर! वास असा की डोकं गरगरतं. जाताना तो म्हणाला, "शेठ, दार तेवढं उघडं ऱ्हाऊ द्या. वास कोंडतोय."

शेठ म्हणाले, हो हो. आणि ते खोटं नव्हतं हो! म्हणताना त्यांच्या मनात तसंच होतं. आपणही 'हो हो' म्हणतो तेव्हा खोटं थोडंच बोलतो?

इतक्यात गुरुजी आले. सनईवाले आले. पाव्हणेरावळे आले. दार आपलं आपोआप मिटलेलं, त्याला लाल फीत बांधली, समोर चौरंग मांडला, कलश ठेवला. आणि मंडळी, एवढ्यात काय व्हावं? एक कुत्रं आलं! रस्त्यावरचं, एक कान फाटलेलं. आलं आणि दारासमोर उभं राहिलं. त्या दाराला काय कळतंय? समोर कुणीतरी आलं — सर्रकन काचा बाजूला! फितीखालून कुत्र्याला रस्ता मोकळा! दारानं पहिलं स्वागत केलं ते त्याचं. लोक पोट धरधरून हसले. सनईवाल्याची फुंक चुकली. शेठ मात्र लालबुंद. हाड् हाड् करून त्याला हाकललं, आणि रागारागात दाराची वीज बंद केली, हातानं काचा मिटल्या, वाकून खालच्या कुलपात किल्ली फिरवली आणि किल्ली झब्ब्याच्या खिशात टाकली.

आता पहिलं पाऊल साहेबांचंच!

किल्ली फिरवताना त्यांना दस्तगीर आठवला का? आठवला, मंडळी! अगदी स्पष्ट आठवला. मनात म्हणाले, आत्ता साहेब येतीलच. कड चिकटवायला कितीसा वेळ लागतो? झालं की वाजवेल तो, तेव्हा बघू. मागचं शटर आहेच की. आणि मागच्या शटरला तर खुर्च्यांची खोकी छतापर्यंत लागलेली! तेही त्यांना ठाऊक होतं. सकाळी त्यांनीच लावून घेतली होती. पण माणसाला ठाऊक असतं ते सगळं एका वेळी आठवतं थोडंच?

पूजा सुरू झाली. गुरुजी मंत्र म्हणताहेत, शेठ पळीनं पाणी सोडताहेत. ऊन चढलेलं. साहेबांचा निरोप आला — वाटेत आहोत. पुन्हा आला — थोडा उशीर. आणि तेवढ्यात —

टक. टक. टक.

काचेवर, आतून. खाली, पायाजवळ.

सनई वाजत होती. गुरुजींना ऐकू गेलं नाही. पाव्हण्यांना गेलं नाही. शेठ दाराच्या अगदी लगत बसलेले, त्यांना गेलं. हातातली पळी तशीच राहिली. मनात काय आलं? उठावं, दार उघडावं. पण समोर फीत. समोर कलश. सगळ्यांच्या हातात फोन, शूटिंग चाललेलं. आणि आतून निघणार कोण? सोल्यूशननं माखलेला, घामानं भिजलेला माणूस! त्यातून शेठनी कुठून तरी ऐकलेलं की मुहूर्ताआधी दारातून कुणी बाहेर पडलं तर लक्ष्मी बाहेर पडते. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, काही आठवेना. पण नको तिथं ते नेमकं आठवलं.

शेठनी सनईवाल्याकडे बघितलं आणि मान हलवली. सनईवाल्याला वाटलं, शेठ खूश आहेत. त्यानं सूर चढवला.

बघा हं मंडळी! मी तुम्हाला एखाद्या राक्षसाची गोष्ट सांगत नाही. हा माणूस वर्षानुवर्षं एकादशी करणारा. त्यानं कुणाला मारलं नाही, कुणाचं काही घेतलं नाही. त्यानं फक्त मान हलवली.

टक. टक.

इकडे रस्त्यावरून एक बाई आली. डोक्यावर पदर, हातात डबा. दस्तगीरची बायको खैरून. नवऱ्याची जेवणाची वेळ झालेली. तिनं स्कूटर बघितली, पिशवी बघितली. दाराशी आली तर चपला काढलेल्या, सगळ्या पाव्हण्यांच्या, चकचकीत. आणि त्यांत एका बाजूला, कुणीतरी पायानं सरकवलेली, नवऱ्याची चप्पल. अंगठा तुटून तारेनं बांधलेली. तिनंच बांधून दिली होती, ती ओळखणार नाही?

वॉचमननं तिला अडवलं. म्हणाला, मावशी, कार्यक्रम चाललाय, पलीकडं थांबा. ती थांबली. पण तिथूनच तिनं विचारलं, आणि नेमका सनईवाला दम घ्यायला थांबलेला, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"ह्यांची चप्पल हितं हाय. मग माणूस कुठं हाय?"

पाव्हणे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, गेला असेल चहाला. ती म्हणाली, अनवाणी?

शेठनी मान वर केली नाही. गुरुजींनी पुढचा मंत्र सुरू केला. सनई पुन्हा लागली. आणि मंडळी, शेठच्या ध्यानात एक गोष्ट आली.

टकटक थांबली होती.

वाजत होती तोवर काय वाटत होतं? की कधी थांबते! जीव खात होती ती टकटक. आणि आता? आता ते कान लावून बसलेत. सनईतून, मंत्रातून, लोकांच्या बोलण्यातून ते एक टक शोधताहेत. वाज रे बाबा. एकदा वाज. नाही. धूळ येणार नाही, आवाज येणार नाही, वारासुद्धा येणार नाही — स्वतःचंच वाक्य त्यांच्या कानात घुमायला लागलं. वारासुद्धा येणार नाही! पळीतलं पाणी ताम्हणाबाहेर सांडलं.

गुरुजींनी विचारलं, काय होतंय? शेठ खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, मध्येच दार उघडलं तर चालेल का?"

"का? काय झालं?"

"आत माणूस आहे."

गुरुजी त्यांच्याकडे बघतच राहिले. किल्ली स्वतःच्या खिशात, आणि परवानगी मागतोय दुसऱ्याकडे! गुरुजी म्हातारे, हयात पूजा सांगण्यात गेलेली. एरवी शब्द चुकला तर यजमानाला पुन्हा म्हणायला लावणारे. त्यांनी पोथी मिटली.

"आत माणूस आहे, आणि तुम्ही मला विचारता?"

शेठ उठले. उठताना चौरंगाला पाय लागला, कलश कलंडला, नारळ गडगडत रस्त्यावर गेला. फीत कापायची कात्री तबकात होती, ती कुणाला आठवते! छातीनंच फीत तोडली. खिशात हात घातला, किल्ली लागेना. रुमाल लागतोय, सुपारी लागतेय, साहेबांसाठी लिहून ठेवलेलं भाषण लागतंय, किल्ली लागेना! लागली. कुलपात जाईना. आणि हे दार तरी कसं? कुत्र्यासाठी आपोआप सरकलेलं दार आता धन्यासाठी सरकेना. वीज बंद! काचेच्या फटीत बोटं घालून ओढतोय माणूस. वॉचमन धावला, दोघांनी ओढलं. अंग चोरून एक माणूस शिरेल एवढी फट झाली.

आणि शेठना बाजूला ढकलून त्या फटीतून आत कोण गेलं? साहेब नाही. शेठ नाही. खैरून! रस्त्याच्या धुळीच्या पायांनी. हातातला डबा दाराला धडकला, झाकण उडालं, सगळी आमटी त्या सायीच्या रंगाच्या कार्पेटवर!

शोरूममधलं पहिलं पाऊल ते.

आतून वासाचा असा लोट आला की माणसं मागं सरली. पडद्यामागं, काचेला लागूनच दस्तगीर पडलेला. उजव्या हातात पत्री तशीच. तिच्या टोकानं तो वाजवत होता. दोघातिघांनी धरून त्याला बाहेर आणला, कलशाच्या सांडलेल्या पाण्यात आडवा केला. खैरून त्याच्या गालावर चापट्या मारतेय, हाका मारतेय. छाती हलत नाही असं वाटलं. गुरुजींनी उपरण्यानं वारा घातला. मगाशी ज्यातलं पाणी पळीपळीनं सोडत होते, तो अख्खा तांब्याच शेठनी त्याच्या तोंडावर ओतला.

मंडळी, अशा वेळी देवाचं नाव घ्यावं लागत नाही. आपोआप येतं. तिच्या तोंडून तिच्या देवाचं आलं, यांच्या तोंडून यांच्या देवाचं आलं.

आणि दस्तगीर खोकला.

हं, सोडा श्वास! तुम्हीसुद्धा धरून बसला होतात, मला दिसत होतं.

त्याला रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. आणि रिक्षा वळते न वळते तोच साहेबांची गाडी आली! साहेब उतरले. समोर तुटकी फीत, कलंडलेला कलश, अर्धवट उघडं दार, कार्पेटवर आमटी. आता तुम्हाला वाटेल, बुवा सांगणार, साहेबांनी शेठची पाठ थोपटली आणि काम देऊन टाकलं. नाही! साहेबांनी चौकशी केली, वाईट झालं म्हणाले, घड्याळ बघितलं आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले. हॉस्पिटलचं काम दुसऱ्याला मिळालं. चांगलं वागल्यावर देव लगेच पेढा हातावर ठेवतो, असं मी कधीच सांगणार नाही. आणि शेठ चांगले वागले असं तरी कुठं म्हणतोय मी? आख्यान अजून संपलेलं नाही.

दस्तगीर घरी आल्यावर शेठ त्याला भेटायला गेले. सोबत फळं. घर लहान. दस्तगीर भिंतीला टेकून बसलेला, आवाज अजून बसका. खैरूननं चहा आणून समोर ठेवला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. शेठ म्हणाले, दवाखान्याचं सगळं मी बघतो. दस्तगीर बरं म्हणाला. आणि त्यानं अगदी साधेपणानं विचारलं. राग नाही, आरोप नाही, कोडं पडलं म्हणून विचारावं तसं.

"शेठ, मी लई वेळ वाजवत होतो. सनईत ऐकू आलं नसंल न्हाई का?"

बघा! त्यानं नुसतं विचारलं नाही, उत्तरही हातात दिलं! शेठनी फक्त 'हो' म्हणायचं. सगळं गाव म्हणालं असतं, खरंच हो, सनई केवढ्यानं वाजत होती! साक्षीदार कोणी नाही. ऐकलं ते एकट्या शेठच्या कानांनी. 'हो रे बाबा, ऐकूच आलं नाही' — एवढं म्हणून चहा प्यायचा आणि घरी यायचं. दार उघडणाराही तोच, जीव वाचवणाराही तोच! पुढं सत्कार व्हायचीसुद्धा भीती!

मंडळी, खरं दार ते होतं. काचेचं नव्हे. इथंही किल्ली त्यांच्याचजवळ.

शेठनी कप खाली ठेवला.

"येत होतं, दस्तगीर. पहिल्यापासून ऐकू येत होतं."

खैरून चुलीशी होती, तिचे हात थांबले. दस्तगीर त्यांच्याकडे बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. शेठनी मान खाली घातली नाही. त्या दिवशी दारात घातली होती, आज घातली नाही. तो माफ करील असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि त्यानं माफ केलं असं मीही सांगत नाही. तो एवढंच म्हणाला, "आता दुसऱ्या कुणाला असं कोंडू नका."

खैरून पुन्हा चुलीकडं वळली. चहा घ्या असंही म्हणाली नाही. शेठ उठले, दारात आले, चपला घातल्या. शेजारी ती तारेनं बांधलेली चप्पल होती. तिच्याकडे बघून हा मोठा व्यापारी गल्लीत उभा राहून ढसाढसा रडला.

आजही त्या शोरूममध्ये जा. सगळं झकपक. पण आत पाऊल टाकलं की सायीच्या रंगावर आमटीचा पिवळट डाग! कार्पेट विकणाऱ्याच्या दारात डागाळलेलं कार्पेट! गिऱ्हाईक विचारतं, हे बदलत का नाही? शेठ सांगतात — सगळं सांगतात, 'ऐकू येत होतं' यासकट. काही गिऱ्हाइकं ते ऐकून निघून जातात. जाऊ देत. त्या दाराचं खालचं कुलूप त्यांनी काढून टाकलंय. रात्री बाहेरून शटर ओढतात, पण आधी आत जातात, प्रत्येक कोपऱ्यात हाक मारतात — कोण आहे का आत? आणि उत्तर येत नाही याची खात्री होईपर्यंत थांबतात.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, आमच्याकडे कुठं काचेची दारं आहेत?

नाहीत? मग मला सांगा, तुमच्या घरात कोण टकटक करतंय? सून करतेय? बाप करतोय आतल्या खोलीत, खोकून खोकून? आणि तुम्ही टीव्हीचा आवाज चढवताय? मान हलवताय? ऐकू येत नाही असं म्हणू नका. येतं! सगळ्यांना येतं!

बरं, घरचं राहू द्या, घरी बघा. इथलं सांगतो. ही समोरची रांग बघा. दोरी लावून राखलेली. अजून न आलेल्या साहेबांसाठी! आणि तिथं मागं, खांबाशी बघा. वळा, सगळे वळा. ती बाई मी आख्यान सुरू करायच्या आधीपासून उभी आहे. कडेवर मूल, झोपलेलं. या पायावरून त्या पायावर भार देतेय. मला इथून दिसत होतं. तुमच्या तर ती शेजारीच होती. आख्यान ऐकून डोळे पुसलेत तुम्ही, अण्णांनीसुद्धा पुसले. पण सरकलं कुणी?

दामूअण्णा, पेटी थांबवा. अजून गजर नाही.

या ताई, पुढं या. चप्पल असू दे. अहो, ती दोरी सोडा कुणीतरी! गाठ बसली असेल तर तोडा. या. बसा त्या मधल्या खुर्चीत, लेकराला नीट मांडीवर घ्या.

बसलात? हं. आता म्हणा मंडळी — विठ्ठल, विठ्ठल!